८७ संदर्भ पाठवले, ९३ परत आले

संशोधन-पेपरची संदर्भसूची नीट करून देणाऱ्या एका ऑनलाइन सेवेने मला फसवलं, त्याची ही गोष्ट. आधी आकडे सांगते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी 'एवढंच ना!' म्हणायला नको. ४५ डॉलर ॲडव्हान्स. ६० डॉलर 'अर्जंट' म्हणून. ३८ डॉलर 'डीओआय पडताळणी'चे (डीओआय म्हणजे प्रत्येक पेपरचा ऑनलाइन ओळख क्रमांक). आणि शेवटी माझीच वर्ड फाईल सोडवून घ्यायला ७५. एकूण २१८ डॉलर अक्कलखाती जमा. पेपर गेला तो वेगळाच.

काम काय होतं? संदर्भसूचीची स्टाईल बदलायची. एपीए आणि व्हँकुव्हर या संदर्भ लिहिण्याच्या दोन पद्धती; एपीएची व्हँकुव्हर करायची, बस्स. ज्यांनी हे हाताने केलंय त्यांना त्या 'बस्स'चा अर्थ कळेल. एपीएच्या सातव्या आवृत्तीत वीसपर्यंत लेखक असले तर सगळ्यांची नावं येतात, व्हँकुव्हरमध्ये सहापेक्षा जास्त असली की पहिली सहा आणि पुढे 'एट अल', म्हणजे 'आणि इतर'. जर्नलचं नाव लघुरूपात. पानं २८४ ते २८७ असली की लिहायचं २८४-७. मजकुरातली नावं आणि सालं काढून तिथे आकडे, तेही ज्या क्रमाने उल्लेख येतील त्या क्रमाने. मध्येच एक रेफरन्स घुसला की पुढचे सगळे आकडे सरकतात. माझे होते ८७.

'मग झोटेरो (संदर्भ साठवून सूची आपोआप बनवणारं सॉफ्टवेअर) का नाही वापरलंस?' हा प्रश्न आतापर्यंत पाच जणांनी विचारलाय. वापरलं होतं! ५६ रेफरन्स झोटेरोत होते. उरलेले ३१ सहलेखकाने हाताने टाईप करून चिकटवलेले, कुठे साल नाही, कुठे अंक क्रमांक नाही. जर्नलच्या एडिटरने रिव्हिजनला, म्हणजे पेपर सुधारून परत द्यायला, सात दिवस दिले होते, त्यातले चार रिव्ह्यूअर दोनच्या (पेपर तपासणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञाच्या) शंका निस्तरण्यात गेले. मी आळशी नाही आणि बावळटही नाही. थकले होते, एवढंच.

प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापून येण्याआधीचा पेपर) ऑनलाइन टाकला की दोन दिवसांत 'तुमचा पेपर नीट करून देतो' असल्या मेलांचा पाऊस पडतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एरवी मी ते न उघडता उडवते. त्या दिवशी एक उघडला. वेबसाईट नीटनेटकी, नमुन्याची पानं बिनचूक. त्यांनी रेफरन्स किती ते विचारलं, मी ८७ सांगितले, त्यांनी ४५ डॉलर सांगितले. तीन दिवस उरलेत म्हटल्यावर 'अर्जंट' लागलं. मग म्हणाले, नऊ रेफरन्सना डीओआय नाहीत, ते शोधून तपासून घालू, ३८ डॉलर. हे तर मला आवडलंच. वाटलं, लोक कामाला पक्के आहेत.

आता ती रात्र. आधी पीडीएफ आली, 'बघून घ्या, वर्ड फाईल अंतिम रकमेनंतर.' ही ७५ डॉलरची अंतिम रक्कम तोपर्यंत कुठेही लिहिलेली नव्हती. इथेच थांबायला हवं होतं, पण मी जे सांगतेय ते याहून वाईट आहे. स्क्रीनच्या डाव्या बाजूला त्यांचं बिल उघडं होतं, त्यावर ठळक '८७ रेफरन्स'. उजवीकडे पीडीएफचं शेवटचं पान, आणि शेवटचा नंबर ९३. दोन्ही आकडे एका नजरेत. मी दोन्ही वाचले. आणि स्वतःचीच समजूत घातली, की आपल्या यादीत कुठेतरी दोन रेफरन्स एकत्र चिकटले असतील, यांनी ते सुटे केले असतील. सहा वेळा? असं विचारायला तेव्हा कोणी नव्हतं.

प्रस्तावनेतलं एक वाक्य तर मी थांबून वाचलं. झोपेचा दर्जा अनेक घटकांवर अवलंबून असतो, अशा अर्थाचं. मी तिथे एकच संदर्भ दिला होता. पीडीएफमध्ये तिथे १२–१८. माझ्या मनात काय आलं सांगू? आकड्यांची स्टाईल किती सुटसुटीत दिसते! लाज वाटते लिहायला.

१३ ते १८ हे सहा पेपर मी कधी पाहिलेलेही नव्हते. सगळे वायरलेस सेन्सरवरचे, सगळ्यांत तीच दोन आडनावं. माझा पेपर रात्रपाळी आणि झोपेवरचा. सायटेशन, म्हणजे आपल्या पेपरचे इतरांच्या पेपरांतले उल्लेख, पैसे घेऊन वाढवून देण्याचा धंदा कसा चालतो हे मी नव्याने सांगायला नको. माझा अंदाज असा की त्या आडनावांकडूनही यांनी पैसे घेतले असणार, म्हणजे दळण एक आणि दळणावळ दोघांकडून. आणि ते 'तपासलेले' नऊ डीओआय? सात उघडतच नाहीत. दोन उघडतात, पण भलत्याच पेपरवर. दहा, टिंब, मग प्रकाशकाचा खरा आकडा, स्लॅश, आणि स्लॅशपुढे थापा. त्यामुळे दिसायला अगदी अस्सल. डीओआय दिसला म्हणजे तो आहे असं धरू नका, प्रत्येकावर क्लिक करा. संदर्भांची अख्खी यादी चिकटवली की डीओआय शोधून देणारी सोय क्रॉसरेफने (डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेने) फुकट ठेवलीय. फुकट! मी त्याचे ३८ डॉलर मोजले.

हे सगळं कळलं ते नंतर; तेव्हा मी ७५ भरून ती फाईल तशीच जर्नलला पाठवली होती. एडिटरचं पत्र अकरा दिवसांनी आलं. १३ ते १८ विषयाशी संबंधित नाहीत, ते कोणाच्या सांगण्यावरून घातले याचा खुलासा करा. मी खरं ते सगळं लिहिलं. उत्तर आलं, हस्तलिखिताची जबाबदारी लेखकांची, पेपर नाकारला आहे. नियम तोच आहे, मान्य. पण फसवणाऱ्याचं नाव-गाव पुराव्यासकट हातात देऊनही त्याबद्दल एक ओळ नाही?

पैशांचं तर विचारूच नका. पेमेंट कंपनी म्हणाली, सेवा मिळाली आहे, फाईल तुम्ही डाउनलोड केलीत, सबब परतावा नाही. मी लिहिलं, सेवा खोटी आहे. तेच उत्तर पुन्हा, शब्दही न बदलता. बँकेने सांगितलं, व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय, मग फसवणूक कसली? सायबर तक्रारीच्या फॉर्ममध्ये प्रकार निवडावा लागतो: लॉटरी, कर्ज, नोकरी, लग्न. संदर्भसूची कशात बसते? 'इतर' निवडलं. फोनवरच्या गृहस्थांना रेफरन्स म्हणजे काय हे समजावण्यात वीस मिनिटं गेली, शेवटी ते म्हणाले, 'म्हणजे तुमचा अभ्यास दुसऱ्याने केला?' अहो, नाही हो! वेबसाईट होस्ट करणाऱ्यांनी तक्रारीला नंबर दिला आणि चार दिवसांत त्याच नंबरवर 'निराकरण झाले' लिहून टाकलं. वेबसाईट अजून चालू आहे. आमच्या संस्थेच्या संशोधन विभागात गेले तर तिथे, 'बाहेर कशाला गेलात?' आत कोण बसलंय मदतीला, ते मात्र कोणी सांगेना. गाईड सर काही बोलले नाहीत, ते सगळ्यात जास्त लागलं.

अजून एक, हे कोणी सांगत नाही म्हणून. त्यांच्या वर्ड फाईलमधले झोटेरोचे सगळे दुवे तोडलेले होते, नुसता सपाट मजकूर. म्हणजे पुढे एक स्वल्पविराम बदलायचा तरी हाताने, नाहीतर पुन्हा त्यांच्याच दारात. मूळ फाईलची प्रत वेगळी ठेवा. परत आलेली फाईल मूळ फाईलशी वर्डच्या 'कंपेअर'मध्ये लावा, घुसडलेलं सगळं रंगून समोर येतं. शेवटचा नंबर बघा. आणि पहिल्या सबमिशनला किती जर्नलं कुठलीही एकसारखी स्टाईल चालवून घेतात, ते लेखकांसाठीच्या सूचनांत आधी वाचा. माझी तर रिव्हिजन होती, मला ती पळवाट नव्हती.

नंतर मी ते ३१ रेफरन्स स्वतः झोटेरोत भरले. दोन संध्याकाळी लागल्या. स्टाईल बदलायला एक क्लिक. भरताना सापडलं की ४१ नंबरचा माझाच चुकलेला होता, खंड आणि अंक यांची अदलाबदल. त्यांच्या फाईलमध्ये जाऊन पाहिलं. नंबर सरकून ४७ झालेला, चूक जशीच्या तशी.