बोअरच्या पाण्याच्या पांढऱ्या डागांवर सुटं लिंबूफूल: घ्यावं का?

ठाण्यात घोडबंदर रोडच्या ज्या सोसायट्यांमध्ये टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं, तिथे इलेक्ट्रिक केटलच्या तळाशी आणि शॉवरच्या भोकांत पांढरी पापडी धरते. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की त्याचं न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट होतं. ही पापडी काढायला जांभळी नाक्याच्या किराणा बाजारात सुटं मिळणारं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, चांगलं काम करतं. पण प्रत्येक ठिकाणी नाही.

केटलसाठी प्रमाण असं: एक लिटर गरम पाण्यात 30 ग्रॅम, साधारण दोन मोठे चमचे. पाणी 50–60 अंशांपर्यंत गरम असू द्या, उकळू नका. अर्ध्या तासात फसफस थांबते, मग दोनदा विसळून घ्या. उकळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि तिथेच काम बिघडतं. अभिक्रियेत तयार होणारं कॅल्शियम सायट्रेट मुळातच पाण्यात कमी विरघळतं, आणि पाणी जितकं तापेल तितकं आणखी कमी. म्हणजे एक पांढरा थर काढून दुसरा बसवायचा! रात्रभर भिजत ठेवलं तरी हेच होतं. थर जाड असेल तर एकदम तीव्र द्रावण करण्यापेक्षा दोनदा ताजं द्रावण वापरा. हिशेबाने 1 ग्रॅम पापडीला 1.4 ग्रॅम लिंबूफूल लागतं, पण निदान दुप्पट धरून चला.

व्हिनेगरशी तुलना केली तर 4 टक्क्यांच्या व्हिनेगरचे 30 मिली 1 ग्रॅम पापडीला पुरतात. कॅल्शियम अ‍ॅसिटेट सहज विरघळतं, हा त्याचा फायदा. पण वास दिवसभर घरात राहतो. व्हिनेगरमध्ये बेकिंग सोडा घालण्याची युक्ती तर निव्वळ उधळपट्टी आहे. फेस दिसतो झकास, पण आम्ल आणि आम्लारी एकमेकांना संपवतात आणि हाती उरतं सोडियम अ‍ॅसिटेटचं मिठाचं पाणी. कमोडसाठी मात्र सुमारे 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा टॉयलेट क्लीनरच बरा. तो स्टीलच्या सिंकवर किंवा नळावर नको, कारण क्लोराइडमुळे स्टीलला बारीक खड्डे पडतात.

लिंबूफूल कुठे अजिबात नको, तर कडप्पा, शहाबादी, कोटा आणि मार्बलवर. हे सगळे मुळात कॅल्शियम कार्बोनेटचेच दगड. केटलची पापडी विरघळवणारं आम्ल ओट्याची चकाकीही विरघळवतं आणि तो पांढुरका ठिपका पुसून जात नाही. ग्रॅनाइटवर चालतं. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यावरही नको. गिझरमध्ये तर हे स्वतः ओतू नका: टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉड आम्लात झिजतो आणि हायड्रोजन सुटतो. मेकॅनिककडून रॉड काढून घेऊन आधी थर खरवडून घ्यावा. आणि कुठलंही आम्ल ब्लीचसोबत कधीही नाही, विषारी क्लोरीन वायू होतो.

आता मालाबद्दल. सुट्या पुडीवर बहुतेकदा काहीच छापलेलं नसतं. मोनोहायड्रेट (स्फटिकात पाणी धरलेलं) की निर्जल (पाण्याविना), कुणी सांगत नाही. वजनात फरक किरकोळ आहे, सफाईला त्याने फारसं बिघडत नाही. मीठ किंवा साखर मिसळली आहे का, हे मात्र घरी तपासता येतं. 10 ग्रॅम पूड 100 मिली गरम पाण्यात मोठ्या भांड्यात विरघळवा आणि वजन करून घेतलेला खायचा सोडा चिमूट चिमूट टाकत जा. शुद्ध माल असेल तर फेस यायचा थांबेपर्यंत 12 ते 13 ग्रॅम सोडा लागतो. 8–9 ग्रॅमवरच थांबला तर भेसळ समजा. पाणी गरमच हवं, कारण सोड्याशी अभिक्रिया करणाऱ्या सायट्रिक आम्लाच्या तीन हायड्रोजनपैकी तिसरा हा सोड्यातून होणाऱ्या कार्बोनिक आम्लाइतकाच कमकुवत असतो. थंड पाण्यात शेवटचा टप्पा इतका सुस्त चालतो की चांगला मालही नापास ठरतो. टार्टारिक आम्ल मिसळलेलं असेल तर हा आकडा 11 कडे झुकतो, पण घरच्या काट्यावर इतका फरक भरवशाने कळत नाही.

तयार डिस्केलरच्या (पापडी काढायच्या पावडरच्या) पाऊचच्या मागचे घटक वाचा. सायट्रिकच लिहिलं असेल तर जास्तीचे पैसे पॅकिंगचे. सल्फॅमिक आम्ल असेल तर जाड थरासाठी ते उजवं, कारण त्याचं कॅल्शियम लवण चांगलं विरघळतं. पातळ पापडीला आणि बोअरच्या पाण्यातल्या लोखंडाच्या पिवळसर डागांना लिंबूफूल पुरतं. साबणाच्या चिकट थरावर एकट्याने भागत नाही. आम्लाने तो तेलकट होतो, मग वरून भांड्यांचं लिक्विड लावावं लागतं.

पावसाळ्यात पुडी उघडी राहिली की गठ्ठे होतात, म्हणून काचेच्या बरणीत घट्ट झाकणाखाली ठेवा, आणि बरणीवर नाव लिहा. मीठ समजून भाजीत पडायला वेळ लागत नाही.