हातकागदाची लॅम्पशेड: घ्या, पण उजेडात बघून

पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, 1940 पासूनची. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद करतात, त्यासाठी झाड तोडावं लागत नाही. आईच्या टेबललॅम्पचं कापड पार विटलं होतं, म्हणून तिथला पाकळ्या घातलेला पांढरट कागद आणला आणि मी बेहद्द खूश आहे.

दिवसा हा कागद साधा, खरबरीत दिसतो. मागून उजेड पडला की एकेक धागा आणि पाकळीची शीरसुद्धा उमटते! म्हणून घेताना ताव उजेडासमोर धरून बघाच. फार जाड नको, वाचायला उजेड उरत नाही.

चिकटवायला गव्हाच्या पिठाची पातळ खळ उत्तम. पांढऱ्या गोंदाचे थर दिव्यासमोर डागांसारखे दिसतात. खळ लागली की कागद सैल पडतो, घाबरून ओढू नका. वाळला की सांगाड्यावर आपोआप ताणून बसतो. कडा मी कापल्या नाहीत, त्या दातेरी कडेतच तर सगळी शोभा आहे.

आत एलईडीच लावा, 5 वॉटचा, पिवळसर. जुना तारेचा बल्ब तापतो, कागदाला धोका. आणि स्वयंपाकघरात नकोच, फोडणीच्या वाफेने तेलकट होईल.