कार्टून कवटीचा क्लास आणि उलटी पट्टी

‘कार्टून कवट्या काढायला शिका, तुमची डिझाइनं परदेशी टीशर्ट कंपनी विकत घेईल’ अशी जाहिरात मोबाइलवर दिसली असेल, तर पैसे भरायच्या आधी हे वाचा. माझे 11,499 रुपये गेले. त्यातले 4,999 फी म्हणून आणि 6,500 ‘रिफंडेबल डिपॉझिट’ म्हणून.

बडोद्यात रावपुऱ्याला माझं छपाईचं छोटं दुकान आहे. टीशर्ट, मग, बाइकवरचे स्टिकर. हल्लीच्या पोरांना वाघ-सिंह नको असतात, कवटी हवी असते. जिमवाल्यांना दात विचकणारी, बुलेटवाल्यांना गॉगलवाली. नवरात्रात तर एकाने केडियू (गरब्याचा घेरदार अंगरखा) घालून गरबा खेळणारी कवटी मागितली होती. नेटवरून उचललेलं चित्र कटिंग प्लॉटरवर, म्हणजे स्टिकरचं व्हाइनल कापणाऱ्या यंत्रावर, नीट चालत नाही. रेषा कुठेतरी उघड्या राहिलेल्या असतात आणि बारीक टोकं व्हाइनल सोलताना तुटतात. म्हणून स्वतःला काढता यायला हवं होतं. यात हौसेपेक्षा धंद्याचा हिशेब जास्त होता.

जाहिरातीतले सर स्वतःला ‘बडोदा फाइन आर्ट्स’चे माजी विद्यार्थी म्हणवत होते. आमच्या गावात या नावाचं वजन काय आहे ते बाहेरच्यांना कळायचं नाही. सयाजीराव विद्यापीठाची ही फॅकल्टी 1949-50 पासूनची. के. जी. सुब्रमण्यन, गुलाममोहम्मद शेख, भूपेन खख्खर ही नावं तिच्याशी जोडलेली. दांडिया बाजारात कुणालाही विचारा, तिथे शिकलेला एखादा नातेवाईक निघतोच. ठगाने नेमकी हीच ओळख वापरली.

पैसे भरल्यावर रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आले, एक पीडीएफ आली, आणि ‘प्रत्येक चित्रावर पर्सनल करेक्शन’ सुरू झालं. करेक्शन म्हणजे एक व्हॉइस मेसेज: “बहोत बढ़िया बेटा, बस लाइन में कॉन्फिडन्स लाओ.” पुढच्या चित्रालाही तेच. मग लगेच आनंदाची बातमी: तुमचं डिझाइन सिलेक्ट झालं, कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट सोबत जोडलंय, फक्त ‘एक्सपोर्ट लायसन्स’साठी 6,500 भरा, पहिल्या पेमेंटबरोबर परत मिळतील. कॉन्ट्रॅक्टवर शिक्का होता, डॉलरमधला दर होता, आणि ‘आज संध्याकाळी सहापर्यंत’ अशी मुदत होती.

निर्यातीसाठी लागतो तो आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड. तो डीजीएफटी या सरकारी विदेश व्यापार खात्याच्या साइटवर मिळतो आणि त्याच्या अर्जाची फी 500 रुपये आहे. हे मला आमच्या सीए काकांनी नंतर सांगितलं. ते आणखी एक बोलले, “अगं, माल विकत घेणारा पैसे देतो. विकणाऱ्याकडून मागणारा गिऱ्हाईक कधी पाहिलायस का तू दुकानात?”

डिपॉझिट गेल्यावर ‘प्रोसेसिंग चालू आहे’ एवढंच येत राहिलं. मग मी करेक्शनसाठी मुद्दाम दुकानाच्या वीजबिलाचा फोटो पाठवला. उत्तर आलं: बहोत बढ़िया बेटा, लाइन में कॉन्फिडन्स.

माझी आत्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाली आहे. तिला ते व्हिडिओ दाखवले. तिने चित्राकडे पाहिलंच नाही. टेबलावर पडलेल्या स्टीलच्या पट्टीकडे बोट केलं. पट्टीवरचे आकडे उलटे होते, पेन्सिलीवरची अक्षरंही उलटी. एका व्हिडिओत सर डावखुरे, दुसऱ्यात उजवे. आवाज सांगतोय “उजवा जबडा”, आणि पेन्सिल डावीकडे फिरतेय. दुसऱ्या कुणाचे तरी व्हिडिओ आरशासारखे उलटवून, वेग वाढवून, वर स्वतःचा आवाज चिकटवला होता. असं उलटवलं की कॉपी पकडणाऱ्या यंत्रणेला चकवणं सोपं जातं. कोपऱ्यात जिथे मूळ चित्रकाराची सही असणार, तिथे क्लासचा भलामोठा लोगो होता.

पीडीएफमधलं ‘आमच्या विद्यार्थ्यांचं काम’ पाहून तर आत्या हसायलाच लागली. पिसांची मोठी हॅट घातलेली बाईची कवटी. ती मेक्सिकोच्या होसे ग्वादालुपे पोसादाची ‘कात्रिना’ निघाली, साधारण 1910 च्या सुमाराची. युरोपियन थाट मिरवणाऱ्या आपल्याच लोकांची टिंगल म्हणून त्याने ती काढली होती. पोसादा 1913 साली वारला, तेव्हा तक्रार करायला तो येणार नव्हता.

आत्याने सरांना माझ्या फोनवरून एक साधा प्रश्न विचारला, “फाइन आर्ट्सला कुठल्या डिपार्टमेंटला होतात?” उत्तर आलं, “कार्टून डिपार्टमेंट.” तिथे पेंटिंग आहे, शिल्प आहे, ग्राफिक्स, अप्लाइड, कलेचा इतिहास, म्युझिऑलॉजी (संग्रहालयशास्त्र) आहे. या उत्तरानंतर दुसऱ्या दिवशी नंबर बंद.

आता खरी कवटी. शेजारची मुलगी एमबीबीएसला आहे, तिच्याकडे अभ्यासासाठीचा हाडांचा ‘हाफ सेट’, म्हणजे अर्धा सांगाडा आहे. त्यातली कवटी हातात घेतली आणि त्या कोर्समध्ये काहीच शिकवलेलं नव्हतं हे समजलं. कवटीत 22 हाडं, आठ मेंदूभोवतीची आणि चौदा चेहऱ्याची. हलतो तो फक्त खालचा जबडा, आणि त्याची बिजागरी कानाच्या भोकाच्या अगदी पुढे असते. म्हणून कार्टूनमध्ये कवटीला हसवायचं असेल तर जबडा तिथूनच फिरवावा लागतो. सरांच्या पीडीएफमध्ये तो गालाच्या मधूनच लोंबत होता. डोळ्यांच्या खोबण्या डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात. नवशिका त्या वर काढतो आणि मग कपाळ उरतच नाही. नाकाच्या जागी पत्त्यातल्या उलट्या बदामासारखं भोक, कारण नाकाचा पुढचा भाग कूर्चेचा, तो टिकत नाही. कार्टून म्हणजे यातलं काय फुगवायचं आणि काय गाळायचं ते ठरवणं. खोबण्या मोठ्या करून आतल्या बाजूने खाली झुकवल्या की कवटी रागावते, बाहेरच्या बाजूने झुकवल्या की रडवेली होते. दात बत्तीस काढायची गरज नाही, समोरचे सहा-आठ पुरतात. माझ्या प्लॉटरला तर तेवढेच बरे.

हे सगळं आत्याने फुकट शिकवलं. खरं तर दोन वाट्या श्रीखंडाच्या बदल्यात.

अशा कुठल्याही क्लासला पैसे देण्याआधी व्हिडिओ कॉलवर सरांना कोरा कागद घ्यायला सांगा आणि कोन तुम्ही ठरवा: “वरून पाहिलेली, तोंड उघडं असलेली कवटी काढा.” शिकवणारा माणूस दोन मिनिटांत कच्चं चित्र काढून दाखवेल. ठगाचं नेट नेमकं तेव्हाच जाईल. यूपीआयचा पिन टाकण्याआधी समोर ज्याचं नाव येतं तेही वाचा. माझ्या वेळी क्लासचं नाव एक होतं आणि खातं भलत्याच एका व्यक्तीच्या नावावर होतं.

पैसे गेलेच असतील तर 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका. जितकं लवकर कळवाल, तितकी पुढच्या खात्यात रक्कम थांबवली जाण्याची शक्यता जास्त. हाताशी व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, तारीख-वेळ आणि चॅटचे स्क्रीनशॉट ठेवा. चिडून चॅट डिलीट करू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी सगळं उतरवून घ्या. माझ्याकडे ते वीजबिलावरचं करेक्शनसुद्धा जपून ठेवलेलं होतं, तक्रारीला तेही जोडलं. पैसे अजून आलेले नाहीत.