ग्रीक-रोमन शोकांतिकेचा ऑनलाइन अभ्यासक्रम : ग्रीस भरपेट, रोम चाखण्यापुरते

सोफोक्लीजच्या ‘ईडिपस राजा’ या ग्रीक शोकांतिकेत ईडिपसने नकळत बापाला मारून आईशी, जोकास्टेशी, लग्न केलेले आहे. हे उघड होत आले तशी ‘आता पुढे काही विचारू नकोस’ अशी जोकास्टा ईडिपसची विनवणी करते आणि तो ऐकत नाही असे दिसताच राजवाड्यात निघून जाते. कोरसचे, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या समूहाचे, एक छोटे गीत होते आणि सारे ठाऊक असलेल्या म्हाताऱ्या मेंढपाळाला रंगभूमीवर आणले जाते. सोफोक्लीजच्या काळी एका नाटकासाठी बोलणारे नट तीनच मिळत. मेंढपाळाच्या प्रवेशात ईडिपस आणि कोरिंथचा दूत हजर असतात, त्यामुळे मेंढपाळाचा मुखवटा चढवायला उरतो तो फक्त जोकास्टेचे काम करणारा नट. म्हणजे जे सत्य उघड होऊ नये म्हणून जो गळा काही वेळापूर्वी गयावया करत होता, त्याच गळ्यातून ते अखेर वदवून घेतले जाते. हे नाटक मी महाविद्यालयात इंग्रजीतून वाचले होते आणि पुढे पु. ल. देशपांडे यांनी मराठीत आणलेले रूपही वाचले होते. तरी ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. ती आली या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या आठवड्यातील गृहपाठामुळे. कोणत्या प्रवेशात कोणता नट कोणता मुखवटा घालील याचा तक्ता करून आणा, एवढाच तो गृहपाठ होता.

अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा, दर शनिवारी संध्याकाळी दोन तास, इंग्रजीतून. शुल्क ४,५०० रुपये. काही तक्रारीही मांडायच्या असल्यामुळे संस्थेचे नाव मुद्दाम घेत नाही. शिकवणाऱ्या बाईंनी स्वतः नाटके बसवलेली आहेत आणि या अभ्यासक्रमाचे सारे बळ त्यातच आहे. समोरची संहिता वाचायची नसून उभी करायची आहे, असे धरूनच त्या बोलतात. इस्किलसने दुसरा नट आणला आणि सोफोक्लीजने तिसरा, हे अ‍ॅरिस्टॉटलचे विधान आपण परीक्षेपुरते पाठ करतो. तिसरा नट आल्याने नाटककाराच्या हाती नेमके काय आले, हे मात्र तक्ता भरताना कळते.

याचे दुसरे उदाहरण इस्किलसच्या ‘अ‍ॅगमेम्नॉन’मधले (इ.स.पू. ४५८). युद्धात जिंकून आणलेली कॅसॅन्ड्रा रथात बसून आहे. राणी क्लायटम्नेस्ट्रा तिला घरात यायला सांगते, कोरस समजावतो, पण ती चकार शब्द काढत नाही. राणी कंटाळून आत जाते. ही बिनबोलाची भूमिका असावी असा प्रेक्षकांचा समज झालेला असतानाच ती तोंड उघडते आणि जे उमटते ते वाक्य नव्हे, नुसता आक्रोश आहे : ‘ओतोतोतोइ पोपोइ दा’. बाईंनी ही ओळ मूळ उच्चारात तीनदा म्हणून दाखवली. आम्हाला वाचायला दिलेल्या जुन्या इंग्रजी अनुवादात तिथे केवळ ‘अरेरे’ छापाचा एक सभ्य उद्गार होता. शुल्क घेणाऱ्या संस्थेने स्वामित्वहक्क संपलेले, पल्लेदार आणि जुनाट अनुवाद विद्यार्थ्यांच्या गळ्यात मारावेत, हे मला पटलेले नाही. तेवढ्यासाठी टफ्ट्स विद्यापीठाचे ‘पर्सियस’ हे डिजिटल ग्रंथालय मोफत उपलब्ध आहे. तिथे मूळ ग्रीक शब्दावर टिचकी मारली की त्याचा अर्थ आणि व्याकरण समोर येते. मी दुसऱ्या आठवड्यापासून तेच वापरले.

तिसरा आठवडा नाट्यगृहाच्या रचनेचा होता. ग्रीसमधील एपिडॉरसच्या नाट्यगृहात खाली ३४ आणि वर २१ अशा दगडी आसनांच्या ५५ रांगा आहेत आणि मधला गोल ऑर्केस्ट्रा (कोरसच्या नाचगाण्याचे पटांगण) सुमारे २० मीटर रुंद आहे. तो खडूने आखून पाहा असे सांगितल्यावर मी दोरी घेऊन गच्चीवर गेलो; निम्मे वर्तुळही पाण्याच्या टाकीला अडले. एवढ्या पटांगणात पंधरा जणांचा कोरस गात-नाचत असतो हे पायाखाली मोजल्यावर कोरसची पदे ‘मध्येच येणारी गाणी’ वाटेनाशी होतात. हे देखणे नाट्यगृह सोफोक्लीजच्या मृत्यूनंतरचे, इ.स.पू. चौथ्या शतकातले आहे आणि त्याच्या काळी अथेन्समध्ये प्रेक्षक लाकडी बाकांवर बसत, हे बाईंनी आधीच स्पष्ट केले. तिथला ऑर्केस्ट्रा गोल होता की चौकोनी, यावर अभ्यासकांत एकमत नाही, हेही त्यांनी झाकून ठेवले नाही.

चौथ्या आठवड्याचे पाहुणे व्याख्याते मात्र निराशा करून गेले. नायक ज्यामुळे कोसळतो त्यासाठी अ‍ॅरिस्टॉटलने वापरलेल्या ‘हामार्तिया’ या शब्दाचा अर्थ त्यांनी नायकाचा स्वभावदोष असा सांगितला आणि दोन तास ईडिपसचा अहंकार मोजण्यात घालवले. हा शब्द ज्या क्रियापदापासून आला ते होमरमध्ये भाल्याचा नेम चुकण्यासाठी येते. अ‍ॅरिस्टॉटललाही चूक अभिप्रेत आहे, दुर्गुण नव्हे, असेच आज बहुतेक अभ्यासक मानतात. ज्याने आपण कोणाला मारले हे न जाणता मारले, त्याच्या स्वभावाचा पंचनामा करून काय साधणार? मी तसे विचारले, तेव्हा ‘वेळ झाली’ असे उत्तर मिळाले.

रोमच्या वाट्याला आठपैकी एकच आठवडा आला आणि त्यातील अर्धा वेळ इ.स.पू. ५५ मधील पॉम्पेच्या दगडी नाट्यगृहाची चित्रे पाहण्यात गेला. एनिअस, पाकुव्हियस आणि अ‍ॅक्सियस यांच्या शोकांतिकांचे तुकडेच उरले आहेत, म्हणून रोमकडे पाहायचे तर सेनेका या रोमन नाटककाराला पर्याय नाही, आणि नेमका तोच ‘रक्तपाताचा शौकीन’ एवढ्या शेऱ्यावर उरकला गेला. युरिपिडीजच्या ‘मिडिया’ला (नवरा जेसनवर सूड म्हणून पोटची मुले मारणाऱ्या बाईचे नाटक; इ.स.पू. ४३१, त्या वर्षीच्या स्पर्धेत ती ज्यात होती त्या नाट्यसंचाला तिसरा, म्हणजे शेवटचा क्रमांक मिळाला होता) दोन आठवडे दिलेले असताना शेजारी सेनेकाची ‘मिडिया’ ठेवली असती, तर वेगळी व्याख्याने द्यावी लागली नसती. युरिपिडीजच्या नाटकात मुलांच्या किंकाळ्या बंद दाराआडून येतात आणि कोरस बाहेर घुटमळत राहतो. सेनेकाची मिडिया एका मुलाला प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत मारते, त्याचे प्रेत घेऊन छपरावर चढते आणि दुसऱ्याला खाली उभ्या असलेल्या जेसनसमोर मारते. मिडियाने लोकांसमोर मुलांना मारू नये, असे होरेस या रोमन कवीने आधीच बजावून ठेवले होते; सेनेकाने नेमके तेच का केले, आणि ही नाटके प्रत्यक्ष उभी राहत की नुसती वाचली जात, हा प्रश्न खरे तर बाईंच्या पद्धतीने तक्ता मांडूनच सोडवायला घ्यायचा होता.

व्यवस्थेविषयी थोडेसे. ध्वनिमुद्रणे महिनाभरच उघडी राहतात, ही मुदत नोकरी करणाऱ्यांना अपुरी आहे. माझ्या निबंधावर ‘चांगला प्रयत्न’ एवढाच शेरा आला. ग्रीक येत नसले तरी अडत नाही, पण इंग्रजी पद्य वाचायची सवय नसेल तर पहिले दोन आठवडे जड जातील. नाटकात काम करणाऱ्यांनी किंवा नाटक बसवणाऱ्यांनी शुल्काचा विचार न करता नाव घालावे. केवळ रोमसाठी जाणार असाल तर पैसे वाचवा, सेनेकाच्या ‘मिडिया’चा एखादा ताजा अनुवाद मिळवा आणि मुखवट्यांचा तक्ता घरीच करा, माझा अर्धा झाला आहे आणि छपरावरच्या प्रवेशापाशी अडला आहे.