रायझोबियमचं पाकीट: शिरीष-करंजाच्या रोपांसाठी घ्यावंच

आमची रोपवाटिका माळरानावर, मुरमाड जमिनीत. करंज, शिरीष आणि बांधावरच्या गिरिपुष्पासाठी मी दरवर्षी रायझोबियम हे जिवाणू संवर्धक, म्हणजे शेंगावर्गीय झाडांच्या मुळांवर गाठी करणाऱ्या जिवाणूंची भुकटी, घेते. लिग्नाइट म्हणजे तपकिरी कोळशाच्या भुकटीतलं, काळं, ओलसर, २५० ग्रॅमचं पाकीट. गुळाचं पाणी उकळून पूर्ण थंड करायचं, त्यात भुकटी कालवून बियांना हलक्या हाताने चोळायची, सावलीत सुकवून लगेच पिशव्यांत टोकायचं.

फरक मुळाशी दिसतो. शिरीषाचं रोप अलगद उपटून मुळावरची गाठ नखाने फोडली, तर आत लालसर गुलाबी रंग दिसला. म्हणजे जिवाणू हवेतला नत्र रोपाला पुरवताहेत. गाठ आतून पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती निकामी समजा. संवर्धक न लावलेल्या वाफ्यात गाठी कमी आणि पानं पिवळट होती. युरिया मात्र हात राखूनच द्या. आयता नत्र मिळाला की रोप गाठी धरत नाही.

सगळ्याच झाडांना हे चालत नाही, आणि पाकिटावर ते छापलेलं नसतं, याचा मला खरंच राग येतो. बहावा आणि चिंच शेंगावर्गीय असूनही गाठी धरत नाहीत. सुरूला फ्रँकिया नावाचा वेगळाच जिवाणू लागतो.

घेताना अंतिम तारीख बघा. दुकानात पाकिटं उन्हात मांडलेली असतील तर घेऊ नका, उष्णतेने जिवाणू मरतात. बियांना बुरशीनाशक लावायचंच असेल तर ते आधी, हे शेवटी.