दुबईचा फ्लॅट की पट्टायाचा?

रावेरच्या मेहुण्याकडे केळीचे पैसे आले आणि लगेच ओट्यावर दोन ब्रोशर आले, एकावर चहाचा डाग. दुबईत ठरावीक भागांत परदेशी माणसाला पूर्ण मालकी मिळते; 2007 च्या कायद्यानुसार बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटचे पैसे एस्क्रो खात्यात, म्हणजे बिल्डरला मनाला येईल तसे काढता येत नाहीत अशा वेगळ्या खात्यात जमा होतात. पट्टाया थायलंडमध्ये, आणि तिथं परदेशी माणसाला जमीन सहसा मिळत नाही. फ्लॅट मिळतो, पण सगळ्या परदेशी मालकांचे मिळून इमारतीतल्या 49 टक्के क्षेत्रापर्यंतच. मग एजंट म्हणतो, "तिथल्या माणसाच्या नावावर घेऊ!" हे बेकायदा, आणि पैसे बुडाले तर दाद कुठं मागणार? मला दुबई बरी वाटते. पण आपला कायदा दोन्हीकडे पाठीमागे लागतोच: वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरच नेता येतात, आणि शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी परदेशात मालमत्ता घेतली की रिटर्न भरावा लागतो. त्यात ती मालमत्ता दाखवली नाही, तर 10 लाखांचा दंड होऊ शकतो. हे ऐकून मेहुण्यानं दोन्ही ब्रोशर वहीखाली सरकवले.