बाबांच्या डेटजस्टचं लॉक, चाळीस वर्षांची चेन आणि नौपाड्यातले घड्याळवाले काका

बाबा शिपिंगमध्ये होते. १९८४ ला दुबईहून त्यांनी एक रोलेक्स डेटजस्ट घड्याळ आणलं, स्टीलचं, ३६ मिमी, वर व्हाइट गोल्डची कंगोरेवाली कड आणि पाच ओळींची ज्युबिली चेन. पुढची पस्तीस-छत्तीस वर्षं ते रोज त्यांच्या हातात होतं, इंजिन रूमपासून ते पाचपाखाडीच्या भाजी मंडईपर्यंत सगळीकडे. आता त्यांचं मनगट बारीक झालंय आणि घड्याळ सारखं कोपराकडे सरकतं म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी ते मला दिलं. मी चेनच्या कड्या कमी करून घेतल्या आणि रोज ऑफिसला घालायला लागले, कारण कपाटात ठेवायला त्यांनी ते आणलंच नव्हतं.

या फेब्रुवारीत ठाणे-पनवेल लोकलमध्ये ऐरोली गेल्यावर मी वरची कडी धरायला हात वर केला आणि चेनचं लॉक फट्कन उघडलं, घड्याळ खाली घसरत बोटांच्या मुळाशी येऊन अडकलं. माझ्या पोटात गोळाच आला. गर्दीत दुसऱ्या हाताने दाबून धरलं ते थेट घणसोलीला उतरेपर्यंत सोडलं नाही.

त्याच संध्याकाळी नवी मुंबईतल्या एका मोठ्या, चकाचक दुकानात गेले. नाव घेत नाही. काउंटरवरच्या मुलाने बघितलं आणि म्हणाला मॅडम हे लॉक गेलं, पत्र्याचं असतं जुनं, पूर्ण चेन बदलावी लागेल, आणि जो आकडा सांगितला त्यात आमच्या घरातला फ्रिज आणि वॉशिंग मशीन दोन्ही आलं असतं. मी नको म्हटलं तर म्हणाला थांबा तात्पुरतं घट्ट करून देतो, आणि मी काही बोलायच्या आत त्याने लॉकच्या दोन्ही बाजू साध्या पकडीत धरून दाबल्या. फडकंसुद्धा मध्ये घेतलं नाही. घरी येऊन उजेडात बघितलं तर मुकुटाच्या चिन्हाच्या शेजारी पकडीच्या दातांचे चार व्रण. बाबा काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त अंगठा फिरवला त्यावरून. मला त्या रात्री झोप नाही लागली नीट.

मग ऑफिसातल्या एकीने नौपाड्यातल्या काकांचं सांगितलं. राम मारुती रोडच्या मागच्या गल्लीत, बिल्डिंगच्या जिन्याखाली एक माणूस बसेल एवढंच दुकान, समोर काचेचं कपाट, आत भिंतीवर दोन लंबकाची घड्याळं. हा रिव्ह्यू त्यांच्या कामाचा आहे आणि थोडा त्या जुन्या लॉकचाही, कारण मधल्या काळात मी याबद्दल खूप वाचलं आणि काकांना विचारून विचारून भंडावलं.

काकांनी आधी घड्याळ न बघता चेन बघितली. घड्याळ आडवं धरलं, म्हणजे ३ चा आकडा वर आणि ९ चा खाली असं, आणि चेन हवेत कशी लटकते ते बघितलं. चेन ताठ राहिली तर कड्या चांगल्या, केळीच्या पानासारखी वाकली तर आतल्या पिना आणि कड्या झिजलेल्या. आमची थोडी वाकली. म्हणाले ताई एवढ्या वर्षांच्या मानाने उत्तम आहे, बाबांनी पॉलिश करून घेतलेलं दिसत नाही फार. मी हो म्हटलं, बाबा पॉलिशच्या कायम विरोधात होते. हे मला आधी माहीतच नव्हतं की प्रत्येक पॉलिशला धातू जातो, आणि लॉकच्या झाकणासारख्या मुळात पातळ भागाला तो जाणं सगळ्यात महागात पडतं, कारण एकदा कड बारीक झाली की पकड धरायला काही उरतच नाही.

मग लॉक उघडून आतला नंबर दाखवला, ६२५१०एच, आणि बाजूला एकटं एच अक्षर. १९७६ पासून रोलेक्स लॉकवर वर्षाचं अक्षर ठोकायची, ७६ ला ए, ७७ ला बी असं, म्हणजे एच म्हणजे १९८३. घड्याळ ८४ चं, लॉक ८३ चं, अगदी बरोबर जुळतं. म्हणजे हे मूळ लॉक आहे, कधी बदललेलं नाही. मोठ्या दुकानात चेन बदलली असती तर हे एच गेलं असतं आणि मला कळलंही नसतं की काय गेलं.

आता त्या "पत्र्याचं असतं" या वाक्याबद्दल. ते खरं आहे आणि तरीही चुकीचं आहे. त्या काळातली लॉकं स्टीलच्या पातळ पत्रीवर ठसा मारून, दुमडून केलेली असायची. हातात घेतलं तर हलकं लागतं, हलवलं तर खुळखुळतं, आणि लाखांच्या घड्याळाला असं कसं हा प्रश्न पडतोच. आत्ताची लॉकं सबंध धातूतून कोरून काढलेली असतात. रोलेक्समध्येच बघा, सबमरीनर या त्यांच्या पाणबुड्यांसाठीच्या घड्याळाच्या स्टीलच्या मॉडेलला २०१० पर्यंत पत्रीचंच लॉक होतं, मग ते ग्लाइडलॉकवालं जाड लॉक आलं ज्यात हत्याराशिवाय चेन थोडी थोडी करून लांब करता येते. ते हातात घेतल्यावर बँकेच्या तिजोरीचं दार बंद केल्यासारखं वाटतं, मी एका ओळखीच्यांचं घालून बघितलंय, फरक जमीन-अस्मानाचा आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण टिकाऊपणा म्हणजे जाडी नाही हे मला काकांच्या टेबलावर कळलं. पत्रीचं लॉक धरतं कशावर तर स्प्रिंगसारख्या ताणावर. आतलं पातं थोडं कमानीत असतं, झाकण दाबलं की ते बारीक उठावावरून सरकून पलीकडे बसतं, आणि तो ताणच त्याला तिथे ठेवतो. हजारो वेळा उघडबंद झाल्यावर कमान थोडी सपाट होते, बस. तुटलेलं काही नसतं. आणि जे वाकून ढिलं झालं ते वाकवून परत घट्टही करता येतं, हाच पातळ पत्रीचा मोठा गुण आहे.

काकांनी केलं ते असं. चेन घड्याळापासून वेगळी केली, हे महत्त्वाचं, कारण जुन्या घड्याळाची रबरी सीलं कधीची असतील सांगता येत नाही आणि पाण्यात फक्त चेन जायला हवी. ती अल्ट्रासॉनिकच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी पाणी हलवून मळ काढणाऱ्या भांड्यात टाकली. दोन मिनिटांत मधल्या बारीक कड्यांमधून काळा धूर निघावा तसा मळ निघायला लागला, पाणी चहासारखं झालं, मग ते बदललं, परत चहा. तीन वेळा. चाळीस वर्षांचा घाम, साबण, धूळ, आणि बहुतेक थोडं समुद्राचं मीठही. काका म्हणाले हाच खरा शत्रू, हा मळ घामात भिजला की पॉलिश पेपरसारखा काम करतो, हात हलला की पिन आणि कडी एकमेकांवर घासतात आणि मध्ये हा. चेन लांबते म्हणतात ना, ती ताणून लांबत नाही, आतून झिजून लांबते. ठाण्याच्या हवेत तर बोलायलाच नको, ऑक्टोबरमध्ये स्टेशनचा जिना चढेपर्यंत मनगट चिंब असतं.

मग त्यांनी पातं सागाच्या एका छोट्या गुळगुळीत ठोकळ्यावर ठेवलं आणि फक्त अंगठ्याने दाबलं. हत्यार नाही. बंद करून बघितलं, भिंगातून फट बघितली, परत उघडलं, परत एवढंसं दाबलं. पाच-सहा वेळा असं. आधी बंद करताना फस् असा आवाज यायचा, मेणचटलेल्या डब्याचं झाकण लावल्यासारखा. सहाव्यांदा टक् झालं. कोरडा, बारीक, स्पष्ट आवाज. मला एकदम लहानपण आठवलं, सकाळी बाबा निघायचे तेव्हा दाराशी हाच टक् यायचा आणि आम्हाला कळायचं आता निघाले.

पकडीचे व्रण त्यांनी काढले नाहीत. मी विचारलं, तर म्हणाले काढता येतील पण त्यासाठी झाकण घासावं लागेल, आणि तेवढी पत्री घालवण्यापेक्षा व्रण राहू देत. गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार असताना नको म्हणणारा माणूस मला फार दिवसांनी भेटला.

सगळ्यात मोलाचं मात्र त्यांनी पिनांबद्दल सांगितलं. माझी भीती होती की लॉक उघडलं तर घड्याळ पडेल. दुमडणाऱ्या लॉकचं तसं नसतं, उघडलं तरी चेनचं कडं सलगच राहतं, फक्त मोठं होतं, म्हणून तर माझं बोटांशी अडकलं. घड्याळ खरोखर पडतं ते स्प्रिंगवाली पिन सुटली किंवा मोडली की. दोन पिना घड्याळाच्या केसच्या, म्हणजे डबीच्या कानांत आणि एक लॉकमध्ये, जी त्या बारीक भोकांच्या ओळीत बसते आणि जिने चेन एक-दोन भोकं सैल-घट्ट करतो. त्यांनी माझ्या तिन्ही जुन्या पिना भिंगाखाली दाखवल्या. लॉकमधल्या पिनेचं एक टोक इतकं झिजलेलं की शिसपेन्सिल तासून बोथट झाल्यावर दिसते तसं, आणि मधे खाच पडलेली. लाखांचं घड्याळ या एका पिनेवर लटकलं होतं आणि मी मात्र लॉकलाच दोष देत होते. तिन्ही बदलल्या, जुन्या मला प्लास्टिकच्या पुडीत परत दिल्या. आता दर सर्व्हिसिंगला पिना बदलायच्याच, चांगल्या दिसत असल्या तरी, हे मी ठरवून टाकलंय.

एकूण खर्च १,८०० रुपये. साफसफाई, लॉक, तीन पिना. दीड तास लागला आणि सगळं माझ्यासमोर झालं.

सगळीच जुनी लॉकं अशी वाचतात असं नाही, तेही सांगते. मी तिथे बसले असताना एक गृहस्थ स्टील आणि सोन्याच्या चेनचं घड्याळ घेऊन आले, तीही ज्युबिलीच, पण मधल्या ओळी सोन्याच्या. सोनं मऊ, त्यामुळे ती चेन आडवी धरल्यावर अक्षरशः गळाली. लॉकच्या बिजागरीपाशी पात्याला तडा होता. त्यांना काकांनी स्पष्ट सांगितलं की तडा गेलेलं पातं दाबून नीट होत नाही, ते वेल्डिंगवाल्याकडे पाठवावं लागेल, आणि दाबलं तर आत्ता इथेच मोडेल. म्हणजे ढिलं झालेलं लॉक आणि तडा गेलेलं लॉक हे दोन वेगळे आजार आहेत. बिजागरीला भिंगातून केसासारखी रेघ दिसली तर ते घड्याळ घालणं त्याच दिवशी थांबवा.

खारघरच्या माझ्या मैत्रिणीकडे नव्वदच्या दशकातलं ओमेगा सीमास्टर आहे, त्याचं लॉक पूर्ण वेगळं, दोन बाजूंना दोन बटणं दाबली की उघडतं. ते जाड आहे, खुळखुळत नाही, माझ्यापेक्षा कितीतरी भारी वाटतं. पण बटणांच्या आत बारीक स्प्रिंगा आहेत आणि तिथे साबण आणि घाम जाऊन एक बटण आता अर्धवट दाबलेलंच राहतं. तिथे अंगठ्याने दाबून काही होणार नाही, उघडून साफ करावं लागेल. म्हणून मला जाड ते टिकाऊ हे आता पटत नाही. जितके भाग जास्त, तितक्या मळ बसायच्या जागा जास्त.

स्टीलबद्दलही एक. रोलेक्स १९८५ पासून ९०४एल नावाचं स्टील वापरायला लागली, आधी सी-ड्वेलर या खोल पाण्यासाठीच्या घड्याळाला. या स्टीलला खाऱ्या पाण्याने बारीक खड्डे पडणं कमी होतं. बाबांचं त्याच्या आधीचं. तरी आयुष्यभर समुद्रावर राहून चेनच्या आत दोन-तीनच टिंबं सापडली, कारण बाबा दर रविवारी चेन कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने घासायचे. लहान असताना मला वाटायचं हे त्यांचं काहीतरी खूळ आहे. काकांनी चेन बघून "घरात कोणीतरी काळजी घेतलीये" म्हटलं तेव्हा मला फार बरं वाटलं, आणि घरी जाऊन मी ते त्यांना शब्दशः सांगितलं. एवढा मळ निघाला तो माझ्या दोन वर्षांचा आणि शेवटी त्यांचे हात थरथरायला लागले त्या काळाचा जास्त.

आणखी एक, ज्या बायका मोठं घड्याळ घालतात त्यांच्यासाठी. घड्याळाच्या हातात पाटली किंवा कडं घालू नका. लॉकची कड आणि पाटली दिवसभर एकमेकांवर आपटतात, स्टील सोन्याला खातं आणि पाटली लॉकचं झाकण हळूहळू उचकटते. मी आता पाटली उजव्या हातात घालते.

तक्रार म्हणाल तर दुकानात बसायला एकच स्टूल आहे आणि पावती ते वहीच्या कागदावर देतात, ज्यांना छापील बिल हवं त्यांनी आधी विचारून घ्या. सोमवारी बंद. संध्याकाळी ६ नंतर गेलात तर सेल बदलायला आलेल्यांची गर्दी असते आणि काका एका वेळी एकच काम करतात, घाई केलेली त्यांना चालत नाही, म्हणून सकाळी ११ च्या सुमारास जा. काम समोर बसून करून घ्या आणि जुन्या पिना मागून घ्या, ते स्वतःहून देतातच.

मैत्रिणीचं ओमेगा मी जूनच्या आधी घेऊन जाणार आहे, एकदा पाऊस सुरू झाला की ते बटण पूर्णच बसेल.